रकाना सातमधला ट्रॉम्बोन

नोकरीत मी हजारो लोकांचे आभार मानले आहेत. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. प्रत्येक पत्राच्या तळाशी "आपल्या सहकार्याबद्दल हे खाते आपले आभारी आहे" असं लिहायची आमची पद्धत होती. ज्याचा नळ तोडायचा असे, त्यालाही आम्ही हेच लिहायचो. त्यामुळे आभार या गोष्टीवरचा माझा विश्वास जरा उडालेलाच होता. पण गेल्या तीन महिन्यांत जे घडलं त्यानंतर मला काही लोकांचे खरोखर, मनापासून आभार मानायचे आहेत. यादी करायला बसलो तर तिच्यात मला ज्यांनी ज्यांनी छळलं ते सगळे आले. याला माझा इलाज नाही.

सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून करतो. ते पंपांच्या कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते, आणि कारखान्याच्या कामगारांचा जो बँड होता त्यात अठ्ठावीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवत होते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ट्रॉम्बोन म्हणजे ते लांबलचक पितळी वाद्य, ज्याची दांडी पुढे-मागे सरकवत वाजवतात. कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि एक लांब काळी पेटी घेऊन. दर रविवारी ते पेटी उघडतात, ट्रॉम्बोन पुसतात, दांडीला तेल देतात आणि पेटी बंद करतात. वाजवत नाहीत.

माणूस इतका अबोल आणि इतका भिडस्त, की जेवताना आमटीत मीठ नसेल तर तसंच जेवतील, पण लेकीला मीठ मागणार नाहीत. असा माणूस एके दिवशी सकाळी वर्तमानपत्राचा कागद घडी करून माझ्यासमोर ठेवतो, आणि त्यातल्या एका बातमीवर बोट ठेवून गप्प बसतो, तेव्हा ती बातमी वाचावीच लागते. नगरपालिकेचं संग्रहालय कारखान्याच्या बँडसाठी एक काचेचं कपाट करणार होतं. नऊ वाद्यांपैकी आठ जमा झाली होती. नववं ज्यांच्याकडे असेल त्यांनी संपर्क साधावा. पुढच्या तिमाहीच्या पहिल्या तारखेला कपाट उघडणार.

"मी गेल्यावर हा भंगारात जायला नको, जावईबापू," सासरे म्हणाले. आमच्याकडे राहायला आल्यापासूनच्या बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

"त्यात काय, बाबा," मी म्हणालो. "एक अर्ज तर करायचा."

अर्ज हा माझा प्रांत. मला पोहता येत नाही, सायकलचं पंक्चर काढता येत नाही, पण अर्ज म्हटला की माझ्या अंगात संचार होतो. मी त्याच दिवशी संग्रहालयात गेलो. तिथला कारकून चाळिशीचा, शर्टाच्या खिशात तीन रंगांची तीन पेनं लावलेला. ती पेनं पाहूनच मला आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यानं चौदा रकान्यांचा फॉर्म दिला. मी तिथेच उभ्याउभ्या भरला आणि किंचित हसून परत केला. माझी अशी समजूत होती की तो म्हणेल, वा, काय अक्षर आहे.

त्यानं लाल पेन काढलं आणि सातव्या रकान्याभोवती गोल केला. रकाना सात: वस्तूच्या नावाचा अर्थ व उगम. मी तिथे "एक वाद्य" असं लिहिलं होतं.

हा अर्थ झाला नाही, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं की बाकीच्या आठ वाद्यांना काय लिहिलंय? त्यानं मोठ्या ढोलाचा फॉर्म दाखवला. तिथे लिहिलं होतं, "ढोल म्हणजे ढोल." मी म्हणालो, हे कसं चाललं? तो म्हणाला, ते आधीच्या कारकुनानं घेतलं, मी घेतलं नसतं. ज्या माणसाला मी पाच मिनिटांपूर्वी आपला माणूस समजलो होतो, तो खरोखरच आपला माणूस निघाला. मीही माझ्या टेबलावर असंच बोललो असतो. त्यामुळे रागावताही येईना.

घरी येऊन मी ही हकिगत सांगितली. बायको म्हणाली, "बाबांनाच विचारा की. त्यांनी इतकी वर्षं वाजवलंय." मी तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. अहो, शब्दाचा उगम म्हणजे विद्वत्तेचं काम. सासरे सातवी शिकलेले. त्यांना परभाषेतल्या शब्दांची मुळं विचारून उगाच अवघडल्यासारखं करायचं, हे मला प्रशस्त वाटेना. मी त्यांना विचारलं नाही. आपण किती मोठ्या मनाचे आहोत असंही मला त्या क्षणी वाटून गेलं. ते इथे नोंदवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

समोरच्या फ्लॅटमध्ये विमा एजंट राहतात. त्यांना आमच्या घरातलं बोलणं कसं ऐकू जातं हे मला अजून कळलेलं नाही. ते तासाभरात आले. त्यांचं मत तयार होतं. बोन म्हणजे हाड, तेव्हा हे वाद्य पूर्वी हाडाचं करत असणार, बहुधा हत्तीच्या, हे सरळ आहे. मी म्हणालो, ट्रॉमचं काय? ते म्हणाले, ते गावाचं नाव असेल. सासरे कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, मी अठ्ठावीस वर्षं तोंडाला लावलंय, पितळच आहे. एजंटांनी त्यांना समजावलं की काका, आपण व्यवहारात नाही, उगमात बोलतोय. सासरे उठून गॅलरीत गेले. एजंट मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी दार उघडलं की उगमाची चौकशी करू लागले, जणू माझ्या घरी कुणी आजारी आहे.

शेवटी मी तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे एक अगडबंब शब्दकोश आहे असं सगळ्या इमारतीला माहीत होतं, कारण गेल्या वर्षी गच्चीच्या पाण्यावरून झालेल्या मीटिंगमध्ये त्यांनी तो आणून सेक्रेटरींच्या नोटिशीतल्या चुका दाखवल्या होत्या. कोश त्या कुणाला देत नाहीत. तिथेच बसून पाहायचा. आधी हात धुवायचे. हात धुतल्यावर ते पुसलेत की नाही हे दाखवायचं. त्रेसष्ट वर्षांच्या माझ्यासारख्या माणसानं दोन्ही तळवे पुढे करून उभं राहायचं, यात काय वाटतं ते ज्याचं त्यालाच कळेल. पण बाईंचे आभार. त्यांनी चश्मा लावला, पान काढलं आणि मला पेन हातात घ्यायला सांगितलं.

"लिहा. इटलीच्या भाषेत ट्रॉम्बा म्हणजे तुतारी. तिला मोठेपणाचा प्रत्यय लावला की ट्रॉम्बोन. आपल्याकडे थाळीचा थाळा होतो, टोपलीचा टोपला, तसा तुतारीचा तुतारा. लिहिलंत? वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. बाईंनी माझा एक अनुस्वार दुरुस्त केला आणि मला जायची परवानगी दिली.

मी तीन जिने जवळजवळ पळत चढलो. सासरे गॅलरीत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून, जरा नाटकी थांबून, जाहीर केलं की बाबा, सापडला अर्थ. ते चक्क उभे राहिले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मी म्हणालो, ट्रॉम्बोन म्हणजे मोठी तुतारी.

ते थोडा वेळ वाट पाहत राहिले. पुढे काही येत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एवढंच?"

आणि मग लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, चांगलं आहे, चांगलं आहे, असं दोनदा म्हणाले आणि बटण काढून पुन्हा बसले. तेच मला लागलं. एखाद्यानं तोंडावर नावं ठेवली तर माणूस सहन करतो, पण हा चांगुलपणा सहन होत नाही. त्या माणसानं ज्या वस्तूवर उमेदीची वर्षं घातली तिच्या नावाचा अर्थ नुसता "मोठी तुतारी" निघावा, हे मलाही पटेना. खरं सांगायचं तर मी तो रकाना तेवढ्यावर भरून टाकला असता तर ट्रॉम्बोन दुसऱ्या दिवशी कपाटात गेला असता. पण मी पुन्हा खाली गेलो आणि पुन्हा हात धुतले.

पुढचे तीन आठवडे मी बाईंच्या घरात पडीक होतो. बायको म्हणे, तिकडेच पथारी टाका. पण कष्टाचं चीज झालं. ट्रॉम्बोन हे नाव रुळण्याच्या आधी, पाचशे वर्षांपूर्वी, या वाद्याला आणखी एक नाव होतं. इंग्रज त्याला सॅकबट म्हणत, आणि ते आलं होतं जुन्या फ्रेंचमधून. त्या नावाचा पहिला भाग कशावरून आला हे नक्की आहे, दुसऱ्या भागाबद्दल विद्वानांचं एकमत नाही. मी सगळं लिहून काढलं. कोण काय म्हणतं, कोण कुणाशी असहमत आहे, सगळं. अकरा पानं झाली. समासासह, तळटिपांसह. खात्यात असतो तर या टिपणावर साहेबांनी "पाहिले" असं लिहून कोपऱ्यात सही केली असती.

अकरा पानं घेऊन मी संग्रहालयात गेलो. कारकुनानं ती उभ्यानं चाळली, आणि सहाव्या पानावर त्याचं बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, "याबाबत मतभेद आहेत."

मी जिवंतपणी स्वतःच्या हातानं हे वाक्य कागदावर लिहिलं. चौतीस वर्षं मी नव्या कारकुनांना हेच शिकवलं होतं, की बाबांनो, फायलीवर काहीही लिहा, मतभेद लिहू नका. आणि मीच लिहिलं. कारकुनानं मान हलवली. ज्या अर्जात मतभेद नमूद आहेत तो विधी शाखेकडे जातो. मी त्याला समजावलं की हे मतभेद दूरच्या देशांतल्या विद्वानांचे आहेत, त्यांचा या ट्रॉम्बोनशी काही संबंध नाही, त्यातले बरेचसे वारलेही आहेत.

"मला कळतंय हो," तो म्हणाला. "पण कागदावर आहे ना."

हे वाक्य मी स्वतः किती लोकांना ऐकवलं होतं त्याची गणती नाही. त्या सगळ्यांची मी इथे जाहीर माफी मागतो.

विधी शाखेनं आठ दिवसांनी शेरा मारला: जाहीर सूचना लावून तीस दिवसांत हरकती मागवाव्यात. सूचना फळ्यावर लागली. तीस दिवस संपत होते एकोणतीस तारखेला, आणि कपाट उघडणार होतं एक तारखेला. नववी वस्तू आली नाही तर त्या जागी कारखान्याच्या फाटकाचा फोटो लावायचं ठरलं होतं.

हे मी सासऱ्यांना सांगितलं नाही. पण एजंटांना ते कळलं आणि त्यांनी सांगितलं. त्यांचे आभार कशाबद्दल ते पुढे येईल. दरम्यान त्यांनी सुचवलं की हरकत येण्याआधीच अर्जाला जोड म्हणून वाद्याचे तीन बाजूंनी फोटो द्यावेत, त्यानं वजन पडतं. फोटो काढायला सासरे झोपले असताना, दुपारी, मी स्वतः पेटी उघडली. ट्रॉम्बोनची दांडी जागेवर राहावी म्हणून एक छोटी कडी असते, ती वाजवणाऱ्यांना माहीत असते. मला नव्हती. एजंट कॅमेरा लावून "थोडं वर, थोडं तिरपं" असं म्हणत होते आणि मी थोडं वर, थोडं तिरपं केलं. दांडी सुळकन निसटली, फरशीवर आपटली आणि उडून पलंगाच्या पायाला जाऊन लागली.

आवाजानं सासरे आले. त्यांनी दांडी उचलली, उजेडाकडे धरली, तिच्यावरून बोट फिरवलं. एके ठिकाणी बोट थांबलं. तिथे पोचा आला होता. एवढासा पोचा, पण दांडी त्याच्यापुढे सरकेना. एजंट कॅमेरा गुंडाळून कधी गेले तेही मला कळलं नाही.

सासऱ्यांनी दांडी हलकेच पलंगावर ठेवली. त्यांनी ट्रंकेतून एक पोलादी सळई काढली, सँडपेपर आणि फडका काढला, आणि दोन दिवस गॅलरीत बसून ती सळई घासून घासून नेमक्या मापाची केली. मग ती दांडीच्या आत घालून, फडक्यावर दाबून, केसाकेसानं पोचा बाहेर काढला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण ते हात मी पाहिले. दोन दिवसांत त्या बोटांची एकही हालचाल चुकली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दांडी बसवली, पूर्ण बाहेर नेली, पूर्ण आत आणली. सरकली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले की कडी आधी लावायची असते, माझ्याकडून सांगायचं राहिलं. चूक म्हणे त्यांचीच. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

एकोणतीस दिवस गेले आणि हरकत आली नाही. तिसाव्या दिवशी आली.

कारकुनानं फोन करून बोलावलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. हरकत घेणारा होता बँडमधला मोठा ढोल वाजवणारा. "सदर वाद्याबाबत सातव्या रकान्यातील माहिती अपुरी आहे. समक्ष बोलेन." खाली सही. सुनावणी दुसऱ्या दिवशी, म्हणजे तीस तारखेला सकाळी.

बायकोनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तिच्याकडून मला पहिल्यांदाच कळलं की सासरे आणि हे ढोलवाले एके काळचे जिवलग मित्र, आणि बावीस वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोललेले नाहीत. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी बँडनं फाटकावर शेवटचं वाजवलं. सगळे आले, सासरे आले नाहीत. ढोलवाल्यांनी ते मनात धरलं. सासऱ्यांनी आपली बाजू सांगितली नाही. सांगणार कसे, मीठ न मागणारा माणूस.

"त्याचं बरोबर आहे," सासरे म्हणाले. "अर्ज मागे घ्या, जावईबापू. पेटी आहे तिथे राहू दे."

मी म्हणालो, ते होणार नाही. आयुष्यात मी सासऱ्यांना पहिल्यांदाच नाही म्हणालो. त्या दिवशी मी कुठेही न उठता सतरा मुद्द्यांचं उत्तर तयार केलं. हरकतदाराला उगमशास्त्राचं ज्ञान नाही, हरकत मुदतीच्या शेवटच्या दिवशी आली यावरून हेतू उघड होतो, वगैरे. एजंट पेटी उचलायला आपण होऊन आले. तीन जिने त्यांनी ती एकट्यानं, कडेवर मूल घ्यावं तशी जपून उतरवली, आणि संग्रहालयाच्या दारापर्यंत एकही सल्ला दिला नाही. आभार ते याबद्दल.

मोठा ढोल वाजवणारा माणूस मोठा असेल अशी माझी कल्पना. खुर्चीत बसले होते ते किरकोळ अंगाचे, जाड भिंगांचा चश्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्या मांडीवर माझी अकरा पानं होती. शेजारी काचेचं कपाट, त्यात आठ वाद्यं आणि एक मोकळी जागा. सासरे खाली मान घालून दाराजवळच्या स्टुलावर बसले. मी मुद्दा क्रमांक एक काढला.

"तुम्हीच लिहिलंत हे?" ढोलवाल्यांनी मला विचारलं. "मी दोनदा वाचलं. फार मेहनत घेतलीत."

माझा मुद्दा क्रमांक एक तिथेच बारगळला.

"पण आमचं नाव नाही यात," ते म्हणाले. "आमच्यात याला कुणी ट्रॉम्बोन म्हणत नव्हतं. ओढढकल म्हणायचे. पाटीवर ते पाहिजे. तेवढीच हरकत आहे."

कारकुनानं विचारलं की हे काय नाव? तेव्हा ढोलवाल्यांनी सांगितलं. वाद्यांच्या पेट्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या उघडल्या. शिकवणारे मास्तर अजून आले नव्हते. कशाला काय म्हणतात कुणालाच माहीत नाही. "हा तेव्हा बत्तीस वर्षांचा," ते स्टुलाकडे न पाहता म्हणाले. "यानं दांडी ओढली, ढकलली, आणि म्हणाला, हे तर ओढढकल आहे. अठ्ठावीस वर्षं आम्ही तेच म्हणालो. पुढे पुढे मास्तरसुद्धा."

मी त्यांच्या मांडीवरून माझं टिपण घेतलं आणि सहावं पान उघडलं. तिथे, माझ्याच अक्षरात, त्या जुन्या फ्रेंच नावाबद्दल लिहिलं होतं, आणि ते मी मोठ्यानं वाचलं.

"पहिला भाग, ओढणे. दुसऱ्या भागाबद्दल मतभेद आहेत, परंतु बहुतेकांच्या मते, ढकलणे."

कारकुनानं विचारलं, म्हणजे काय झालं? मी म्हणालो, म्हणजे असं झालं, साहेब, की पाचशे वर्षांपूर्वी दुसऱ्या मुलखातल्या लोकांनी हे वाद्य पाहिलं आणि त्याला जे नाव दिलं, तेच नाव माझ्या सासऱ्यांनी कँटीनमध्ये उभं राहून दिलं, कुणालाही न विचारता. मी मात्र ते शोधत तीन महिने इमारतभर फिरलो. सगळ्यांना विचारलं, फक्त त्यांना सोडून.

"पुन्हा वाचा," दाराजवळून सासरे म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ते म्हणाले, "मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हटलं, आपण अडाण्यांनी ठेवलेलं नाव. तुम्ही शिकलेले. खरा अर्थ काहीतरी मोठा असेल."

मला फार लाज वाटली. ती अजून वाटते. पण त्याहून जास्त काय वाटलं असेल तर बरं वाटलं, की ढोलवाल्यांनी हरकत घेतली. त्यांनी ती घेतली नसती तर माझी विद्वत्ता त्या पाटीवर कायमची बसली असती आणि सासऱ्यांनी ठेवलेलं नाव कुणाला कधीच कळलं नसतं. ढोलवाले आता खुर्ची वळवून सरळ सासऱ्यांकडे पाहत होते.

"त्या दिवशी फाटकावर का नाही आलास?"

"निघालो होतो," सासरे म्हणाले. "घरी एकदा वाजवून पाहावं म्हटलं. शेवटचं वाजवायचं म्हणून ओठच लागेना. हवा नुसती. असा कसा येऊ?"

"मग तसाच यायचंस. नुसता उभा राहिला असतास."

सासऱ्यांनी मान हलवली. हो, चुकलंच, अशा अर्थी.

कारकुनानं निळं पेन काढलं. सुधारित माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं, मी सासऱ्यांचं सांगितलं. शिक्षण विचारलं, मी म्हणालो सातवी. व्यवसाय विचारला, आणि मी निवृत्त टर्नर म्हणणार तोच ढोलवाले म्हणाले, वादक लिहा. कारकुनानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, लिहा. सातव्या रकान्यात ते सगळं दोन ओळींत मावलं. माझी अकरा पानं त्यानं मला परत दिली.

मग तो उठला, कपाटाचं कुलूप काढलं आणि म्हणाला की वस्तू जमा झाल्याची पावती केली की नियमाप्रमाणे कुणालाही हात लावता येणार नाही. वाजवायचा तर प्रश्नच नाही. आणि घड्याळाकडे बघत त्यानं सांगितलं, "पावती मी दहा मिनिटांनी लिहितो. ढोलाची पावती कुठे गेली तेही बघायला लागेल, सध्या मला ती सापडत नाहीये." असं म्हणून तो आमच्याकडे पाठ करून कागदांच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधत बसला. मी त्याच्या टेबलाजवळच उभा होतो. ढोलाची पावती सगळ्यात वर होती.

दोघांनी काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पहिले दोन सूर फुटके आले, नुसती हवा आली, आणि सासरे थांबले. ढोलवाले थांबले नाहीत. ते आपले हळूहळू वाजवत राहिले, आणि तिसऱ्या वेळी सूर लागला. दारात चार माणसं जमली. एजंट बाहेर उभे होते, ते डोळे पुसत होते आणि धूळ फार आहे म्हणत होते. संपल्यावर सासऱ्यांनी ट्रॉम्बोन पुसला, कडी लावली, स्वतःच्या हातानं कपाटात ठेवला आणि कारकुनाला म्हणाले, लावा कुलूप.

बाहेर पडलो तेव्हा ऊन चढलं होतं. रिकामी पेटी माझ्या हातात होती. सासरे आणि ढोलवाले पुढे चालत होते, एकमेकांचं बोलणं मध्येच तोडत, मध्येच थांबून हातवारे करत. रस्ता ओलांडायचंही त्यांच्या लक्षात येत नव्हतं. बायकोचा फोन आला, किती वेळ लागेल, जेवायला वाढू का? मी तिला सांगितलं, एक पान जास्त घे, आणि घाई करू नकोस, बाबा बोलतायत.